व्यंकू, क्लच बरोबर होता

व्यंकू, तू मेलास ते मेलास, पण माझं काम अर्धवट टाकून मेलास. अकरा वर्षं मी तुझ्यावर दात धरून होतो. तुझं गॅरेज रस्त्याच्या त्या बाजूला, माझं ह्या बाजूला, मध्ये वीस पावलं. रोज सकाळी तू शटर वर केलंस की मी मनात म्हणायचो, आज राहू दे, पण एक दिवस सगळ्या गल्लीसमोर ह्याच्या तोंडून वदवून घेईन. आणि तू सरळ निघून गेलास. माणूस गेला की वैर संपतं म्हणतात. ज्यांचं संपत असेल त्यांचं संपो.

मला तुझ्याकडून फार काही नको होतं. 'सिद्धूचा क्लच बरोबर होता,' एवढं एकच वाक्य. ते तू चहा पिता पिता म्हटलं असतंस तरी चाललं असतं. गल्लीत माझं नाव पुन्हा सरळ झालं असतं. ते तू बोलला नाहीस, आणि आज तुझ्या फोटोला हार घालून आल्यावर मी हे लिहायला बसलोय. हातांना अजून झेंडूचा वास आहे आणि डोक्यात राग आहे.

आपण दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. तू मागवाल्यांच्या घरातला. तुझे वडील, ज्यांना तू नाना म्हणायचास, ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा माणूस. कारखान्यातला पट्टा घसरून किंचाळायला लागला की ते खिशातून राळेचा खडा काढून चालत्या पट्ट्यावर धरायचे. पट्टा गप्प. गेले तेव्हा तोच खडा तू त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काढून घेतलास आणि पान्यांच्या पिशवीत ठेवलास. आमची मंडळी अक्कलकोटकडची, घरात कानडी, मागाशी संबंध फक्त टॉवेल वापरण्यापुरता. तू मला तेलुगूतल्या शिव्या शिकवल्यास, मी तुला कानडीतल्या. गिऱ्हाईकासमोर भांडायचं झालं तर आपली सोय होती.

तुझा कान आणि माझा हात, असं गल्ली म्हणायची. बिनगिअरची स्कूटर आली की तू चहाचा ग्लास हातात धरून नुसता ऐकायचास. उभ्या गाडीत बेल्ट चिरकत असेल तर तो ताठ बसलाय. गाडी उचलताना, म्हणजे एकदम वेग घेताना, किंचाळला तर गुळगुळीत होऊन घसरतोय, नाहीतर त्याला कुठून तरी तेल लागलंय. चालता चालता एका लयीत ओरडला तर पुढचा आणि मागचा क्लच एका रेषेत नाहीत. तू सांगायचास आणि मी खोलायचो. दहांत नऊ वेळा तुझं बरोबर निघायचं. दहाव्या वेळी माझं निघायचं, आणि तेवढी एक वेळ तू आठवडाभर तोंड पाडून बसायचास. हेही तुझ्या फोटोखाली लिहायला हवं होतं.

मग सहली काढणारा तो शेठ आला. डोंगरात, बर्फात, पर्यटकांना फिरवायला त्यानं दहा जुन्या स्नो स्कूटर घेतल्या होत्या. चाकं नाहीत, पुढं दोन फळ्या, मागं रुंद रबरी पट्टा. पण आत बघितलं तर आपलीच स्कूटर. इंजिनाकडं एक क्लच, मागं दुसरा, आणि मध्ये बेल्ट. शेठला वाटलं, ही सोलापूरची पोरं बेचाळीस डिग्रीत बेल्ट चालवतात, बर्फात का नाही चालवणार? आणि आपण चालवले की व्यंकू. तीन हिवाळे चालवले. पहिल्या दिवशी तू बर्फावर पाय ठेवलास आणि म्हणालास, हे तर रसवंतीवाल्याच्या खोक्यातलं सांडलंय. मी इतका हसलो की थंडीनं दात दुखले. आजही ते आठवून हसू येतं आणि मग हसल्याचा राग येतो.

तिसऱ्या हिवाळ्यात सात नंबरची गाडी ओरडायला लागली. ती देवीराम चालवायचा, तिथलाच माणूस, आपल्यापेक्षा वयानं थोडा मोठा, खिशात आपल्यासाठी अक्रोड आणणारा. तू ऐकलंस आणि म्हणालास, दोन दुखणी आहेत. बरोबर होतं. मी लोखंडी पट्टी धरून बघितली, दोन्ही क्लच एका रेषेत नव्हते. एक वायसर घालून मागचा क्लच ओळीत आणला. बेल्ट बोटानं दाबून किती खाली जातो ते बघून ताण बसवला. शेडमध्ये फळा होता, ज्यानं जे काम केलं त्यानं तिथं खडूनं लिहायचं अशी शेठची शिस्त. मी लिहिलं, सात नंबर, क्लच, सिद्धू. चालताना येणारं ओरडणं गेलं. गाडी उचलतानाचं मात्र राहिलं, कारण नवा बेल्ट आधीच घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

मी म्हटलं, साबणाच्या गरम पाण्यानं धुऊ, क्लचचे गाल, म्हणजे बेल्ट ज्यांच्यामध्ये बसतो त्या तबकड्या, पॉलिश पेपरनं घासू आणि उद्या तासभर रिकामी गाडी हळू पळवू, बेल्ट बसेल. तू म्हणालास, शेठला सकाळी आठ वाजता दहाच्या दहा गाड्या पाहिजेत. आणि पिशवीतून नानांचा खडा काढलास.

"व्यंक्या, ह्याला राळ चालत न्हाय बे," मी म्हटलं. "मागाचा पट्टा एका जागी बसून फिरतो. ह्याला दोन्ही क्लचच्या गालांतून वर-खाली सरकायचं असतंय. चिकटला की सरकत न्हाय, तापतो आणि तुटतो."

"नानांनी जनमभर राळ लावली. एक पट्टा तुटला न्हाय."

"नानांनी मागाला लावली."

"पट्टा तो पट्टा, बे."

हा वाद आपला तिथंच राहिला. खडा तू परत पिशवीत टाकलास आणि मला वाटलं, जिंकलो. सकाळी सात नंबर चालू केली तर उचलताना एक आवाज नाही. मी गाडीजवळ गेलो, वाकलो, उभा राहिलो आणि चहा प्यायला गेलो.

साडेअकराला देवीराम पर्यटकांना वर सोडून एकटाच उतरत होता. बेल्ट तुटला. नुसता तुटला असता तर गाडी घसरत जाऊन थांबली असती, पण त्याच्या दोऱ्या ब्रेकच्या बाजूला गुंडाळल्या गेल्या आणि ब्रेकची नळी उपटली. देवीरामनं उडी मारली, गाडी त्याच्या उजव्या पायावर आली. त्याला फळीवरून खाली आणला तेव्हा तो ओरडत नव्हता, आपल्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. खाली उतारावरच शेठनं फोनवर विचारलं, सात नंबरला शेवटचा हात कोणाचा? फळ्यावर माझं नाव होतं. राळ लावली असं फळ्यावर कोणी लिहीत नाही. तू माझ्या शेजारी उभा होतास, हातमोजे काढून पुन्हा घालत होतास. मूग गिळून गप्प राहिलास. दुसऱ्या दिवशीच्या बसनं शेठनं मला परत पाठवलं. तू हिवाळा संपेपर्यंत राहिलास.

तुझ्याआधी बातमी सोलापुरात पोचली. तुटलेल्या बेल्टचा वीतभर तुकडा मी शेडमधून उचलून आणला होता. कडांवर पिवळी चकाकी, नाकाशी नेला की नानांचा कारखाना. मी तो कोणाला दाखवला नाही, मला ते तुझ्याच तोंडून हवं होतं. गल्लीत म्हणच पडली, सिद्धूचा क्लच. कोणाची गाडी हिसके द्यायला लागली की, काय बे, सिद्धूकडं नेलीस काय? टायरवाला मैनू तर गिऱ्हाईक माझ्या दारात उभं असताना म्हणायचा. लग्नात, पानटपरीवर, माझ्या पोरीच्या सासरी सुद्धा ते पोचलं. आणि तू समोर वीस पावलांवर बसून ऐकायचास. तुझा कान इतका तिखट, व्यंकू, हेच तेवढं त्याला ऐकू आलं नाही?

दर वर्षी खंडेनवमीला गल्लीतली हत्यारं एका फळीवर मांडून पूजा होते. पाने, पुलर, हातोड्या, सगळ्यांचं एकत्र हळदकुंकू. तिथं खोटं बोलायचं नाही असा आपल्या उस्तादाचा नेम होता, गल्ली अजून पाळते. अकरा वर्षं मी त्या फळीपाशी तुझ्यासमोर उभा राहिलो आणि तुझ्या तोंडाकडं बघितलं. अकरा वर्षं तू नारळ फोडलास, खोबरं वाटलंस आणि माझ्या हातावर सगळ्यांत मोठा तुकडा ठेवलास. मला खोबरं नको होतं.

आणि तुझी ती दुसरी सवय. तुझ्याकडं क्लचचं काम आलं की तू गिऱ्हाईकाला हात धरून रस्ता ओलांडून माझ्याकडं आणायचास आणि म्हणायचास, क्लच फक्त हितंच. लोकांना वाटायचं, व्यंकू मनानं मोठा. मला वाटायचं, भीक घालतोय. मी काम करायचो, चोख करायचो, आणि तुला आभार म्हणून एक शब्द दिला नाही. त्याच कामांवर माझं गॅरेज उभं राहिलं हे मी नाकारत नाही. पण ते तुझ्या तोंडावर बोलणार नव्हतो, आणि आता तुझ्या फोटोसमोरही जरा कडूच लागतंय.

तू अंथरूण धरलंस तेव्हा मी दोन महिने आलो नाही. शेवटी आलो तो तुझी विचारपूस करायला नाही. मनात होतं, उठवायचं, बसवायचं आणि बोल म्हणायचं. पद्मावहिनींनी खुर्ची दिली. तू भिंतीकडं तोंड करून पडला होतास, खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आली होती. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर उचलली आणि बेल्ट किंचाळला. तू डोळे न उघडता विचारलंस, कुणाचीय बे? मी म्हटलं, माहीत नाही, बेल्ट गुळगुळीत झालाय. तो आवाज लांब जाईपर्यंत तू ऐकलास. मग म्हणालास, "आधी साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन बघ."

शेडमधले माझेच शब्द होते. मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी तुला बोल म्हणायचं ते न म्हणता उठलो, आणि जिना उतरताना स्वतःवर इतका चिडलो की खाली उभ्या असलेल्या रिक्षावाल्याशी भांडलो. नऊ दिवसांनी तू गेलास.

मग गल्लीनं ठरवलं, बाराव्या दिवशी तुझ्या गॅरेजसमोर शोकसभा घ्यायची. आणि अण्णा, म्हणजे आपल्या गल्लीतले सगळ्यांत जुने मिस्त्री, माझ्याकडं येऊन म्हणाले, सिद्धराम, तुला बोलावं लागतंय, तुमची जोडी होती. मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल, दुःखानं. मी घरी जाऊन कपाटातून तो बेल्टचा तुकडा काढला आणि खिशात घातला. चार दिवस तो खिशात घेऊन हिंडलो. तुझा फोटो, तुझी बायको, तुझी गल्ली, आणि मी उठून तुकडा टेबलावर ठेवणार. ह्याहून चांगली संधी मला तू जिवंतपणी दिली नव्हतीस.

आज सभेआधी पद्मावहिनींनी मला वर बोलावलं. तुझा क्लच उपसायचा पुलर मला द्यायचा होता, डोंगरातून आणलेला. कापडात गुंडाळून ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, भावजी, एक बोलायचंय, त्यांनी नको म्हटलं होतं तरी बोलते.

"ते म्हनायचे, राळ मीच लावली. पन सिद्धूला सकाळी वास आल्ता. त्यानं वाकून बेल्टापाशी नाक नेलं, मी बघितलं. आनि कायबी न बोलता तो च्या प्यायला गेला. मी बोललो तर हे बी निघंल. माझी ती चूक व्हती. त्याचं निघालं तर लोक पाप म्हनतील. त्यापरीस सिद्धूचा क्लच म्हनू देत."

मी पुलर हातात धरून उभा राहिलो. खाली सतरंजी अंथरत होते त्याचा आवाज येत होता.

तर आता मीही लिहितो, व्यंकू, जे मी अकरा वर्षं स्वतःशीसुद्धा नीट बोललो नाही. मला वास आला होता. गाडीजवळ वाकलो तो त्यासाठीच. बेल्ट वर चढल्यावर अडकणार आणि तापणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, दहा-पंधरा फेऱ्यांत तुटेल, सपाटीवर कुठंतरी, देवीराम गाडी ढकलत आणेल, शेठ तुझी खरडपट्टी काढेल आणि तू माझ्यासमोर मान खाली घालशील. एवढंच हवं होतं मला. एक हाक मारली असती तर गाडी थांबली असती. माझ्या हातात चहा होता आणि मी वाट बघत होतो. कोणाचा पाय मोडावा असं माझ्या मनात नव्हतं, पण मोडलेला पाय देवीरामचा आहे, माझ्या मनात काय होतं ह्यानं तो सरळ होत नाही.

तुला हे माहीत होतं. अकरा खंडेनवम्या तू हे माहीत असताना माझ्या हातावर खोबरं ठेवलंस. मी तुझ्याकडं रागानं बघायचो तेव्हा तू बघून घ्यायचास. वहिनींसमोर मला रडू आलं नाही, मला संताप आला. तू कोण मला माफ करणारा? मी मागितली होती माफी? आणि गप्प राहण्यात तुझीही सोय झालीच की. राळ झाकली गेली, तीन हिवाळ्यांची अब्रू राहिली. त्यात माझ्यावरची माया किती आणि तुझी भीती किती, हे तुलाही सांगता आलं नसतं. पण मला तू बिनहत्याराचा करून गेलास. तुकडा खिशात, आणि काढावा तर वार माझ्यावरच.

मी खाली गेलो. तुझा फोटो स्टुलावर होता, तोच लग्नातला, केस चापून बसवलेले. अण्णा बोलले, तुझ्या कानाचं कौतुक झालं. मैनू बोलला, तोही डोळे पुसत होता, त्याचा मला विशेष राग आला. मग माझं नाव पुकारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मला कळत होतं. झाकली मूठ तशीच राहू दिली असती तर तुझंही राहिलं असतं आणि माझंही. पण तू माझं झाकून ठेवलंस, आणि तेच मला सोसवेना. मी तुकडा काढून तुझ्या फोटोसमोर ठेवला.

"ह्याला राळ व्यंकूनं लावली. वास मला सकाळीच आला होता. मी गाडी अडवली न्हाय, व्यंकूची फजिती व्हावी म्हणून. देवीरामच्या पायाचं पाप आमच्या दोघांचं आहे."

अण्णांनी तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. पद्मावहिनी वरच्या गॅलरीत होत्या, त्या आत गेल्या नाहीत. मग मैनूनंच विचारलं, अगदी हळू, "म्हंजे क्लच बरोबर व्हता?"

व्यंकू, अकरा वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघितली. काय काय उत्तरं तयार केली होती, कोणाकडं बघून बोलायचं, कुठं थांबायचं, ते सगळं ठरलेलं होतं. मी फक्त व्हय म्हटलं आणि खाली बसलो. नंतर कोणी माझ्याशी बोललं नाही. दोघे-तिघे माझ्याकडं न बघता उठून गेले. उद्यापासून मला काय म्हणतील ठाऊक नाही, पण सिद्धूचा क्लच म्हणणार नाहीत.

हा माझा सूड. तू झाकलेलं मी उघडलं. तू मला दिलेली माफी मी भर गल्लीत परत केली, तुला न विचारता, जशी तू मला न विचारता दिली होतीस.

एक राहिलं. वहिनींनी तुझी फोनची वहीही दिली. दर वर्षी पहिला बर्फ पडला की तू देवीरामला फोन करायचास, हे मला आजच कळलं. तो काठी घेऊन चालतो आणि तिथल्याच डोंगरातल्या रस्त्यावर चहा विकतो. त्याला तू राळेचं सांगितलं होतंस की नुसतीच हवापाण्याची चौकशी करायचास, ते वहिनींना माहीत नाही. उद्या सकाळी मी फोन लावणार आहे. माझा वाटा सांगेन आणि तुझाही सांगेन, काही सोडणार नाही. तो शिव्या देईल. त्यानं द्याव्यात, मी मध्ये बोलणार नाही. पण त्यातल्या निम्म्या तुझ्या आहेत. त्या मी माझ्याकडं ठेवून घेणार नाही. वीस पावलं चालत येईन, तुझं शटर वर करीन आणि फोटोसमोर उभा राहून एकेक मोजून देईन, त्याच्या भाषेत, मग तुझ्या, मग माझ्या.